हँडलवर काय लावावं: गार्मिन, फोन की आणखी काही?

प्रश्न म्हापशाच्या एका बायकरचा आहे. त्याच्याकडे रॉयल एनफिल्डची २०१७ ची क्लासिक ३५० आहे. शनिवार-रविवारी चोर्ला, तिळारी, आंबोली. दिवाळीच्या सुट्टीत हंपी. आणि पुढे कधीतरी स्पिती, असा बेत. सध्या रोजचाच फोन हँडलवर साध्या क्लॅम्पमध्ये अडकवलेला असतो आणि गेल्या पावसात तो भर घाटात बंद पडला. दुकानदार पन्नास हजारांच्या पुढचा गार्मिन, म्हणजे रस्ता दाखवणारं स्वतंत्र जीपीएस उपकरण, घ्या म्हणतो. एक मित्र म्हणतो चायनीज स्क्रीन लाव. दुसरा म्हणतो, गूगल मॅप्स फुकट असताना खर्च कशाला? ‘नक्की काय घेऊ?’ एवढंच त्याने विचारलं आहे.

मी फोंड्यात दुचाक्यांच्या वायरिंगचं काम करतो आणि सुट्टीला मंडळी घेऊन घाटांत हिंडतो. हा प्रश्न घेऊन येणाऱ्याशी बोलणं नेहमी किमतीपासून सुरू होतं. मी ते थांबवून आधी एकच विचारतो: अनमोड घाटाच्या मध्यावर तुमचा फोन मेला, तर त्याच्यासोबत काय काय गेलं? रस्ता गेला, हे लगेच सुचतं. पण यूपीआय त्याच फोनात, म्हणजे पेट्रोलचे पैसेही गेले. डिजिलॉकरमधलं लायसन्स आणि आरसी गेली. हॉटेलचं बुकिंग गेलं. सोबत्यांचे आणि घरच्यांचे नंबर गेले, कारण हल्ली बायकोचा नंबरसुद्धा कुणाला पाठ नसतो. एवढं सगळं ज्या एका वस्तूत आहे, ती वस्तू आपण गाडीवरच्या सर्वांत थरथरत्या, सर्वांत तापणाऱ्या आणि सर्वांत आधी भिजणाऱ्या जागी नेऊन बांधतो.

म्हणून उत्तराचा पहिला भाग कशावरही अवलंबून नाही. रोजचा फोन हँडलवरून काढा आणि जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा. त्याच्या जागी काय लावायचं, हा दुसरा भाग मात्र परिस्थितीवर आहे: तुम्ही नेटवर्कबाहेर किती वेळ असता, पावसात चालवता की पाऊस टाळता, एकटे असता की चौघांसोबत, आणि गाडी कुठली.

गाडीपासूनच सुरुवात करतो, कारण तुमच्या बाबतीत तो मुद्दा मोठा आहे. तुमची क्लासिक जुन्या ३४६ सीसी इंजिनची. त्यात बॅलन्सर शाफ्ट, म्हणजे इंजिनाची थरथर कमी करणारा दांडा, नाही. २०२१ पासूनच्या नव्या ३४९ सीसी इंजिनात तो आहे, म्हणून नवी क्लासिक हातात मऊ लागते. जुन्या गाडीचा हँडल ७०-८० च्या वेगात किती थरथरतो ते तुमच्या तळहातांना ठाऊक आहेच. हल्लीच्या चांगल्या फोनांत कॅमेऱ्याचं भिंग तरंगतं ठेवलेलं असतं. फोटो काढताना हात हलला की भिंग उलट दिशेला सरकून चित्र स्थिर ठेवतं. ही यंत्रणा नाजूक असते. मोटारसायकलच्या इंजिनाची जोरदार थरथर आयफोनच्या या यंत्रणेला बाधू शकते, तेव्हा फोन हँडलवर लावू नका, असं अॅपलने २०२१ च्या सप्टेंबरात स्वतःच जाहीर केलं. अँड्रॉइडच्या महाग फोनांतही तशीच भिंगं असतात. माउंटखाली थरथर शोषणारा रबर किंवा सिलिकॉनचा डॅम्पर मिळतो, तो उपयोगी आहे आणि तुम्ही घ्यायलाच हवा. पण त्याच्या भरवशावर साठ हजारांचा फोन जुन्या बुलेटच्या हँडलवर मी तरी लावणार नाही.

उन्हाचं म्हणाल तर आयफोनसाठी कंपनीने सांगितलेली बाहेरच्या हवेची मर्यादा ० ते ३५ अंश आहे. मार्च ते मे या काळात आपल्याकडे दुपारी सावलीतच पारा त्या रेषेला टेकतो, आणि हँडलवर सावली कुठली? फोन तापला की आधी स्क्रीन अंधूक करतो, मग चार्जिंग थांबवतो, मग बंद पडतो. त्यात पारदर्शक झाकणाची वॉटरप्रूफ पिशवी घातली की आत गरम हवा कोंडते. वायरलेस चार्जिंगने त्यात भर पडते. एप्रिलात पणजीहून काणकोणला जाताना फोन सिग्नलला काळा पडतो तो याच कारणाने. तो बिघडलेला नसतो, स्वतःला वाचवत असतो.

आता पाऊस. गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, आणि चोर्ल्याच्या माथ्यावर तर ढग थेट हेल्मेटमध्ये शिरतात. फोनच्या खोक्यावर ‘आयपी ६७’ लिहिलेलं असतं. त्यातला ७ म्हणजे एक मीटर खोल साध्या, स्थिर पाण्यात अर्धा तास. ही प्रयोगशाळेतली चाचणी आहे. ताशी ६० ने समोरून येणारी झड, पुढच्या ट्रकने उडवलेला चिखल आणि चार्जिंगची पिन आत खोचलेली असताना भिजणं, यांतलं काहीही त्या आकड्यात येत नाही. चार्जिंगच्या तोंडाशी पाणी असताना त्यातून वीज गेली की पिना गंजतात. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक ‘पावसात मेलेल्या’ फोनांचं दुखणं तिथेच असतं. दुसरी अडचण स्पर्शाची. टच स्क्रीन बोटाचा विद्युतभार ओळखते, आणि पाण्याचा थेंबही तिला बोटासारखाच वाटतो. भर पावसात नकाशा आपोआप झूम होतो, कुणालातरी फोन लागतो, रस्ता रद्द होतो.

मित्राच्या ‘गूगल मॅप्स पुरे’ या म्हणण्यात तथ्य आहे, पण अर्धंच. जीपीएस आणि नेटवर्क ही दोन वेगळी माणसं आहेत, हे एकदा डोक्यात पक्कं बसायला हवं. आपण कुठे आहोत हे फोन उपग्रहांकडून ऐकतो; त्याला सिम लागत नाही, डेटा लागत नाही, किमान चार उपग्रह दिसले की पुरे. नेटवर्क लागतं ते नकाशाचं चित्र उतरवायला, वाहतूक कळायला आणि नवा रस्ता शोधायला. मोले सोडून अनमोड चढायला लागलात की रामनगर येईपर्यंत नेटवर्क येतं-जातं. तिळारीतही तेच. नकाशा आधीच फोनात उतरवलेला असेल तर तुम्हाला फरकही जाणवणार नाही. नसेल तर निळा ठिपका करड्या कागदावर फिरत राहतो.

उपग्रहांची आणखी एक सवय लक्षात ठेवा. कुठला उपग्रह नेमका कुठे आहे ही माहिती तो स्वतः दर ३० सेकंदांनी पाठवतो, आणि सगळ्या उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रक पूर्ण मिळायला साडेबारा मिनिटं लागतात. नेटवर्क असेल तेव्हा फोन ही माहिती इंटरनेटवरून चटकन घेतो, म्हणून आपल्याला ते कळत नाही. आठवडाभर बंद असलेलं उपकरण थेट झाडांखाली, घाटाच्या कुशीत चालू केलं तर ते बराच वेळ चाचपडतं. घरून निघतानाच, मोकळ्या आकाशाखाली चालू करा, मग हेल्मेट-हातमोजे घाला. जाहिरातीत ‘नाविक’ (भारताची स्वतःची उपग्रह यंत्रणा), ‘दुहेरी फ्रिक्वेन्सी’ (एकाच उपग्रहाचे दोन सिग्नल ऐकणं) वगैरे दिसतं. उंच इमारती, कडे आणि झाडी यांच्यावरून सिग्नल परावर्तित होतो, तिथे दुहेरी फ्रिक्वेन्सीने अचूकता वाढते हे खरं. पण आपल्याला वळण सापडायचं आहे, जमिनीची मोजणी करायची नाही. पाच-दहा मीटरच्या चुकीसाठी जादा पैसे देऊ नका.

मग पर्याय काय? तुमच्या जागी मी असतो तर एक जुना, साधा अँड्रॉइड फोन फक्त रस्त्यासाठी ठेवला असता. घरात पडून असेल तर फुकट, नसेल तर पाच-सात हजारांत सेकंडहँड मिळतो. तो स्वस्त असणं हाच त्याचा गुण: कॅमेऱ्यात तरंगतं भिंग नसतं, पडला तर हळहळ कमी, चोरीला गेला तर बँकेचं काही त्यात नाही. निवडताना तीन गोष्टी बघा. स्क्रीन दुपारच्या उन्हात, फुल ब्राइटनेसवर वाचता आली पाहिजे. दुकानाच्या बाहेर रस्त्यावर उभं राहून बघा, आत ट्यूबलाइटखाली नव्हे. मागचं झाकण फुगलेलं नसावं. फुगलं असेल तर बॅटरी गेली आहे आणि उन्हात ती धोक्याची आहे. आणि त्यात सिम घालायचंच असेल तर रोजच्या फोनापेक्षा वेगळ्या कंपनीचं घाला. एकाचा टॉवर जिथे नाही तिथे दुसऱ्याचा असण्याची शक्यता असते. घाटात या वेगळ्या सिमचा उपयोग महागड्या उपकरणापेक्षा जास्त झालेला मी पाहिला आहे.

त्यात दोन नकाशे ठेवा. गूगलचा ऑफलाइन भाग उतरवून ठेवा. त्याची मुदत संपते, म्हणून निघण्याच्या आदल्या रात्री अपडेट करा, आणि ऑफलाइन असताना वाहतुकीची माहिती मिळणार नाही हे गृहीत धरा. दुसरा ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनी मिळून बनवलेल्या फुकट नकाशावर चालणारा, म्हणजे ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ऑसमअँड. यांत आख्खं राज्य एकदा उतरवलं की नेटवर्कशिवाय शोधही होतो आणि रस्ताही आखला जातो. ऑसमअँड शिकायला किचकट आहे, पण त्यात वळण जवळ आलं की स्क्रीन आपोआप पेटते आणि एरवी बंद राहते, अशी सोय आहे. उन्हात फोन थंड ठेवायला आणि बॅटरी टिकवायला याहून चांगला उपाय मला माहीत नाही. हॉटेल, पेट्रोल पंप, पंक्चरवाला शोधायला मात्र गूगलच बरा.

चायनीज स्क्रीनचं काय? अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले, म्हणजे फोनवरचाच नकाशा दाखवणारी ती पाच इंची वॉटरप्रूफ पाटी. कल्पना वाईट नाही, उलट माझ्या मुद्द्याच्या जवळची आहे, कारण फोन खिशात कोरडा राहतो आणि भिजते ती पाटी. पण तिला स्वतःचं डोकं नाही. नकाशा, जीपीएस, आवाज सगळं फोन करतो, वायफायवरून चित्र पाठवत राहतो, आणि त्यात तुमच्या रोजच्याच फोनाची बॅटरी संपते. फोन मेला की पाटीही मेली. शिवाय दर्जाचा भरवसा नाही. काही पाट्या दोन पावसाळे काढतात, काहींच्या काचेमागे पहिल्याच जुलैत धुकं जमतं. घ्यायचीच असेल तर रोजचा फोन नव्हे, तो जुना फोन तिला जोडून टाकीवरच्या बॅगेत ठेवा.

रॉयल एनफिल्डचा ट्रिपर, म्हणजे वळणाचा बाण दाखवणारी छोटी गोल तबकडी, २०२० मध्ये मीटियर या गाडीसोबत आला. तुमच्या गाडीत तो नाही, आणि असता तरी डोकं फोनचंच.

गार्मिनबद्दल थोडं सविस्तर, कारण दुकानदार चुकीचं सांगत नाही, फक्त घाईने सांगतो. झूमो एक्सटीसारखं उपकरण मोटारसायकलसाठीच बनलेलं असतं. साडेपाच इंची स्क्रीन, पाण्याची भीती नाही, हातमोज्यांसह चालते, रणरणत्या उन्हात वाचता येते आणि माउंटमधूनच गाडीची वीज मिळते. सलग आठ-दहा दिवस, रोज आठ-नऊ तास चालवणाऱ्याला ते घ्या असं मी डोळे मिटून सांगतो. पण तुमच्या शनिवार-रविवारच्या घाटांना ते जड आहे. दुसरं म्हणजे आपल्याकडे ठिकाणं शोधण्यात ते गूगलच्या मागे आहे. गेल्या महिन्यात उघडलेलं होमस्टे त्याला माहीत नसतं. आधी फोनवर शोधून मग त्यात घालावं लागतं. आणि कुणी दुबईहून किंवा अमेरिकेहून ‘स्वस्तात’ आणून देत असेल तर त्यात भारताचा नकाशा आहे का, ते पैसे देण्याआधी चालू करून बघा. परदेशी खंडाचा नकाशा भरलेलं उपकरण इथे नुसतं शोभेचं. ओपनस्ट्रीटमॅपवरून केलेले फुकट नकाशे त्यात घालता येतात, पण ती खटपट प्रत्येकाला जमते असं नाही.

गार्मिनच्याच घरातलं एक लहान भावंड आहे, ज्याकडे दुकानदार बोट दाखवत नाही कारण त्यात त्याला फारसं सुटत नाही: ईट्रेक्स. सव्वादोन इंचांच्या आसपास स्क्रीन, दोन पेन्सिल सेलवर पंचवीस तासांच्या आसपास चालतं, आणि टचऐवजी बटणं. बोलत नाही, वळण ओरडून सांगत नाही; आधी आखलेली रेघ दाखवतं आणि तुम्ही तिच्यावर आहात की नाही ते सांगतं. पावसात एकट्याने जाणाऱ्या आणि घरी बसून आधी रस्ता आखायची आवड असणाऱ्या माणसासाठी मला हे फार आवडतं. तुमच्यासारख्या नव्याने सुरुवात करणाऱ्याला ते कोरडं वाटेल.

आखलेल्या रस्त्यावरून एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. कुणी तुम्हाला जीपीएक्स फाइल (रस्ता साठवलेली फाइल) पाठवली तर ती ‘रूट’ आहे की ‘ट्रॅक’ ते विचारा. रूटमध्ये मोजके थांबे असतात, मधला रस्ता तुमचं उपकरण स्वतःच्या नकाशाने पुन्हा आखतं. पाठवणाऱ्याने चोर्ल्यावरून आखलेलं असतं आणि तुमचं यंत्र तुम्हाला अनमोडवरून पाठवतं. ट्रॅक म्हणजे प्रत्यक्ष गेलेल्या वाटेची ठिपक्या-ठिपक्यांची रेघ. ती बदलत नाही. ग्रुपमध्ये नेहमी ट्रॅक वाटा.

आता वायरिंग, म्हणजे माझा प्रांत. तुमच्या गाडीला यूएसबी सॉकेट नाही, ते बसवावं लागेल. ५ व्होल्ट ३ अँपियरचा चार्जर म्हणजे १५ वॉट, १२ व्होल्टच्या बाजूने सगळी गळती धरून दीड अँपियरच्या आत. तुमचा हेडलाइट ५५-६० वॉटचा, आणि एप्रिल २०१७ पासून नव्या गाड्यांना तो कायम चालू ठेवणं सक्तीचं झालं. त्या मानाने हे १५ वॉट किरकोळ आहेत, बॅटरीला त्याचं काही वाटत नाही. गाडी अडवतो तो निष्काळजी सांधा. बॅटरीच्या पॉझिटिव्हला शक्य तितक्या जवळ ३ अँपियरचा फ्यूज, मग रिले (इशाऱ्यावर चालू-बंद होणारा स्विच), आणि रिलेला इशारा इग्निशन चालू झाल्यावरच वीज येणाऱ्या तारेतून. म्हणजे चावी काढली की सगळं बंद. थेट बॅटरीला जोडलेला चार्जर, त्यातही व्होल्टचे आकडे दाखवणारा, रात्रंदिवस थोडी-थोडी वीज खात राहतो आणि पंधरा दिवस उभी राहिलेली गाडी किक मागते. हॉर्नच्या तारेला ब्लेडने सोलून टेप गुंडाळलेले जोड मी रोज काढतो. किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत उघड्या तांब्यावर हिरवा थर चढायला एक पावसाळा पुरतो. सांधा सोल्डर किंवा क्रिम्प करून वर हीट श्रिंक, म्हणजे तापवल्यावर आवळून बसणारी नळी, हवीच.

केबल आखूड आणि काटकोनी पिनेची घ्या. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा, ती ताणली जाता कामा नये. फोनला जोडण्याआधी केबलला खाली एक झोल द्या, म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी झोलाच्या तळाशी ठिबकेल, पिनेत शिरणार नाही. मुसळधार लागली तर केबल काढा, तोंडाला रबरी बूच लावा, स्क्रीन बंद करा आणि फक्त आवाजावर चला. त्यासाठी हेल्मेटमध्ये साधा ब्लूटूथ स्पीकर हवा. माझ्या मते स्क्रीनपेक्षा आवाज महत्त्वाचा. ताशी ६० च्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. नकाशाकडे दोन सेकंद बघितलंत तर ३३ मीटर रस्ता न बघता कापलात, आणि चोर्ल्याची वळणं त्याहून आखूड आहेत. आवाज एकाच कानात आणि हळू ठेवा, मागच्या कदंबा बसचा हॉर्न ऐकू आला पाहिजे. माउंट टाकीवर खाली नको, स्पीडोमीटरच्या जवळ वर हवा. कायद्याचं म्हणाल तर १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमानुसार चालवताना हातातल्या फोनसारख्या साधनाचा उपयोग फक्त रस्ता बघण्यासाठी, तोही लक्ष विचलित न होता, करता येतो. चालत्या गाडीवर पत्ता टाइप करणं त्यात बसत नाही.

उपकरण कुठलंही असो, आपल्या भागातल्या काही खोड्या त्याला कळत नाहीत आणि त्या तुम्हालाच माहीत असाव्या लागतात. पहिली अटल सेतूची. २०१९ मध्ये उघडलेल्या या मांडवीवरच्या पुलावर दुचाकींना बंदी आहे. कार मोडमध्ये ठेवलेला नकाशा तुम्हाला खुशाल त्यावर पाठवतो. त्यातून तो पूल जुन्या दोन पुलांच्या मधोमध आणि वरून जातो, त्यामुळे खाली असताना यंत्राला तुम्ही वर आहात असं वाटू शकतं आणि पर्वरीच्या उतारावर ते भलतंच काही सांगू लागतं. गूगलमध्ये टू-व्हीलर मोड २०१७ पासून आहे, तोच लावा. स्वतंत्र उपकरणांत दुचाकीचा असा वेगळा विचार नसेल तर बंदी असलेले रस्ते तुम्हीच आधी बघून ठेवा. बेंगळुरू-म्हैसूर द्रुतगती मार्गावरही ऑगस्ट २०२३ पासून दुचाकींना मनाई आहे, कधी तिकडे गेलात तर.

दुसरी खोडी नावांची. केरी म्हणून शोधलंत तर कुठली? एक पेडण्याची, तेरेखोलच्या फेरीची. एक सत्तरीतली, चोर्ल्याच्या पायथ्याची. आणि एक आमच्या फोंडा तालुक्यातली, विजयादुर्गेची. फोंडासुद्धा एक आमचा आणि एक सिंधुदुर्गातला घाटाजवळचा. नाव टाकून लगेच ‘स्टार्ट’ दाबू नका. रेघ कुठल्या दिशेला जाते आणि किलोमीटर किती ते बघा. तेरेखोलला फेरीतून जाणारा रस्ता नकाशावर सरळ दिसतो, पण ती फेरी ओहोटीत अडते आणि रात्री नसते.

तिसरी गोष्ट डिचोली, सत्तरी, सांगे या पट्ट्यातल्या खाणींच्या रस्त्यांची. नकाशावर ते रुंद, मोकळे दिसतात आणि यंत्राला मोह पडतो. पुढे गेलात की फाटक, रखवालदार, किंवा पावसाने खाल्लेला लाल चिखल. कुळ्याहून दूधसागरकडे जाणारी वाटही नकाशावर असते, पण ती अभयारण्यातून जाते आणि तिथे नोंदणी झालेल्या जीपगाड्याच सोडतात. अशा ठिकाणी मी यंत्र बाजूला ठेवून चहाच्या गाड्यावर एकच विचारतो: ‘या रस्त्याने बस जाते?’ बस जात असेल तर तुमची क्लासिक जाते. स्टँडवरच्या मोटारसायकल पायलटला, म्हणजे दुचाकीवरून भाडं नेणाऱ्याला, विचारलंत तर आणखी चांगलं, तो दुचाकीच्याच डोळ्यांनी रस्ता सांगतो.

आणि घाट बंद असणं. करूळ घाट रुंदीकरणासाठी जानेवारी २०२४ पासून वर्षभर बंद होता. उतरवून ठेवलेल्या नकाशाला हे कळायचं काही कारण नाही. पावसाळ्यात निघण्याआधी घाटाच्या वरच्या गावात फोन करा किंवा सकाळच्या बातम्या बघा. हे काम कुठलंच उपकरण तुमच्यासाठी करत नाही.

हंपीसाठी एवढी तयारी पुरे आहे. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास अंतर, मोले-अनमोड-रामनगरचं जंगल सोडलं तर हुबळी, गदग, कोप्पळ असा मोठा रस्ता. टाकीवर मास्किंग टेपची पट्टी चिकटवून त्यावर मार्करने याच गावांची नावं क्रमाने लिहा. हसू नका, पट्टीला चार्जिंग लागत नाही.

स्पितीचा विचार वेगळा करावा लागेल. तिथे नेटवर्क तासन्‌तास नसतं, थंडीत फोनची बॅटरी झपाट्याने उतरते, आणि तेव्हा गार्मिनचा खर्च पटू लागतो. पण तो निर्णय हंपीहून आल्यावर घ्या, कदाचित एखाद्याकडून भाड्याने किंवा उसना मिळेल. तिथून पुढे लडाखला जायचं मनात आलं तर लक्षात असू द्या, बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाख आणि काश्मिरात चालत नाही, पोस्टपेड लागतं. आणि एक गोष्ट ठामपणे: इनरीचसारखं, उपग्रहावरून संदेश पाठवणारं गार्मिन कुणी आणून देतो म्हणाला तर नको म्हणा. नुसतं ऐकणारा जीपीएस घेतला तर काही अडचण नाही. पण उपग्रहाकडे संदेश पाठवणारी साधनं आपल्या देशात परवान्याशिवाय बाळगता येत नाहीत; अशी साधनं सामानात सापडल्याने परदेशी पर्यटकांना गोव्याच्या विमानतळांवर अडवल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. बाहेरच्या व्हिडिओंत सगळे ते खुशाल वापरताना दिसतात, म्हणून सांगितलं.

दिवाळीआधी एक रविवार चाचणीला काढा. जुन्या फोनातलं सिम काढून ठेवा, रोजचा फोन खिशात बंद करा, आणि म्हापशाहून साखळी, केरी, चोर्ला, जांबोटी, खानापूर, रामनगर, अनमोड, मोले असा फेरा मारा. कुठली वळणं आवाजाने कळली, कुठली चुकली, फोन किती तापला, संध्याकाळी बॅटरी किती उरली, हे लिहून ठेवा. वाटेत काही खटकलं तर परतताना फोंड्यावरूनच जायचं आहे, गॅरेजवर थांबा. रविवारी मी स्वतः बाहेर असलो तरी दुपारनंतर मुलगा असतो. फ्यूज होल्डर आणि रिले माझ्याकडे असतात. माउंट मात्र म्हापशातच, हँडलला लावून, दोन्ही हातांनी जोरात हलवून बघून घ्या. तुमचा हँडल २२ मिलिमीटरचा आहे, दुकानदार जाड हँडलचा क्लॅम्प रबराचे तुकडे घालून बसवून देईल, तो घेऊ नका.